संस्कृतीच्या वजनाची नानकटाई

मांजरी बुद्रुक
४ मे

चि. सौ. तनुजा हिस, आबाचा आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. घरी कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. कोर्टाचंही काही नाही. मला फक्त ओव्हनचं विचारायचं आहे.

तुझा केकचा ओव्हन माळ्यावरून खाली काढला. तुला न विचारता काढला, रागावू नकोस. त्याला तीन बटणं आहेत. वरचं फिरवलं की टिकटिक होते, खालचं फिरवलं की आत तारा लाल होतात, मधलं फिरवलं की काहीच होत नाही. आकडे सगळे पुसले गेले आहेत. तुला ते हातानेच कळत असणार. काल नानकटाईची पहिली खेप टाकली, ती वरून काळी आणि आतून ओली निघाली. तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "कोळसाच पाडायचा हुता, तर येवढं तूप कशाला नासलं? लाकडं घालायची."

पूर्वी बरं होतं. स्टेशनाजवळच्या बेकरीत मैदा, तूप, साखर नेऊन दिली की तो ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवून भट्टीत भाजून द्यायचा. आपण नुसता डबा घेऊन बाकड्यावर बसायचं. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. म्हणून घरी करायचं ठरवलं. जत्रा जवळ आली आहे.

फोन करत नाही. माझा फोन इंद्रजीतने दिलेला आहे आणि त्यात बोललेलं त्याला कळतं असं मला वाटतं. खरं असेल नसेल. शिवाय तू आमचे सगळे नंबर बंद केले आहेस, ते तुझ्या जागी बरोबर आहे. हे पत्र शेजारच्या रुपालीकडे देतो. वाघोलीत तुझ्याच दुकानात ती पॅकिंगला आहे, मुलगी विश्वासाची आहे. आणि तिने वाचलं तरी यात ओव्हनच आहे.

तुझं दुकान चांगलं चाललं आहे असं ती म्हणाली. तुझ्या हातचे केक लोक सांगून ठेवतात. ऐकून बरं वाटलं. ओव्हन तुझा आहे हे मी विसरलेलो नाही. इंद्रजीतला एकदा म्हटलं, तिचा ओव्हन टेम्पोत घालून पाठवून देऊ. तो म्हणाला, "आबा, तुम्ही मधे पडू नका." मग मी पडलो नाही.

संस्कृती बरी आहे ना? तिचं वजन किती झालं? सहज विचारतो.

तुझा,
आबा


९ मे

चि. सौ. तनुजा हिस, आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी मिळाली. 'मधलं बटण तापमानाचं. बारा वाजतात त्या जागी ठेवा. आधी रिकामा दहा मिनिटं तापू द्या. ट्रे मधल्या खणात. संस्कृती बावीस किलो. का?'

तू सांगितल्याप्रमाणे केलं. दुसरी खेप सुंदर फुगली, वर बारीक भेगा पडल्या. सासूबाईंनी एक तोडून खाल्ली आणि काही बोलल्या नाहीत. म्हणजे जमली.

पण तुझा तो शेवटचा 'का' माझ्या डोक्यातून जात नाही. तू हुशार आहेस. तुझ्याशी लपवाछपवी जमायची नाही.

तुला आठवत असेल, संस्कृती जन्मली तेव्हा दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. नंतर घरी आणली तरी पोटात काही ठरत नव्हतं. मग सासूबाईंनी दुधात नानकटाई कुस्करून बोटाने चाटवली, ती तेवढी टिकली. त्या दिवशी त्यांनी नाथाला नवस बोलला होता. पोर सात वर्षांची होऊ दे, जत्रेत तिला काट्यात बसवून तिची तुला करीन. लोक गुळाची करतात, मी नानकटाईची करीन, तीही घरात भाजलेली. तेव्हा आपण सगळे हसलो होतो. तूही हसली होतीस.

फेब्रुवारीत तिला सात पूर्ण झाली. तुझ्या सासूबाईंनी पाडव्यापासून पायात चप्पल घातलेली नाही. नवस फिटल्याशिवाय घालणार नाही म्हणतात. दुपारी देवळाकडे जातात तेव्हा डांबर पायाला चिकटतं. टाचांना भेगा पडून रक्त येतं, त्यावर मेण लावतात आणि पुन्हा जातात. मी ओरडलो, तर म्हणतात, "नवस ऱ्हायला आन पोरीला काय झालं, तर तुमी भरून देनार हाय का?" माझा विश्वास आहे की नाही हे मलाच नक्की सांगता येत नाही. पण भीती आहे.

पुढच्या रविवारी, अठरा तारखेला, जत्रेचा मुख्य दिवस आहे. एक दिवस तिला पाठवशील का? मागणं मोठं आहे हे मला कळतं. मी तिचा हात सोडणार नाही. पाळण्यात बसवणार नाही, किंवा तू म्हणशील तर लहान पाळण्यात बसवीन. बाहेरचं पाणी देणार नाही.

तुझं मनगट आता कसं आहे? हाड बसवल्यावर पहिल्या वर्षी त्रास होतो म्हणतात. त्या रात्रीबद्दल मी काही लिहीत नाही. लिहून काय होणार?

तुझा,
आबा


१३ मे

चि. सौ. तनुजा हिस, आशीर्वाद.

तू पाठवतेस म्हणालीस. वाचून मी ओट्यावरच बसलो. 'रुपालीबरोबर येईल, पाचच्या आत परत, इंद्रजीतच्या गाडीत बसवायचं नाही.' सगळं मान्य आहे. तुझे उपकार कसे फेडू?

आता दुसरं एक आहे. कालपासून दोन कागद फाडले, पण लिहिल्याशिवाय गत नाही.

देवळात गुरवाकडे दिवस सांगायला गेलो होतो. तो म्हणाला, "पोरगी काट्यावर बसंल, पन संकल्प आईबापानं सोडायचा. जोडीनं. गाठ बांधून." मी म्हटलं, आजी-आजोबा बसले तर? तो म्हणाला, "आबा, पोरगी तुमची हाय का?"

मग मी घरी आलो आणि जेवलो नाही.

तुला नको वाटेल. मलाही नको वाटतं आहे तुझ्याकडे मागायला. पण गोष्ट देवापुढे बसण्याची आहे, नांदायला येण्याची नाही. पाटावर बसायचं, पाणी सोडायचं, उठायचं. गाठ गुरव लगेच सोडतो. तू इंद्रजीतशी एक शब्द बोलू नकोस. तोही बोलणार नाही, मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. गाभाऱ्यात फक्त आपण घरचे असू. पाहुणे बोलावणार नाही, पंगत घालणार नाही, फोटो काढणार नाही. हा माझा शब्द आहे. माझ्या शब्दाला घरात किंमत किती ते तुला माहीत आहे, पण बाहेर आजपर्यंत कोणी मला खोटा म्हटलेलं नाही.

तू आली नाहीस तर नवस तसाच राहील. सासूबाई अनवाणीच राहतील. हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही, पण आणल्यासारखं होतं आहे. काय करू?

नानकटाईचे सात डबे भरले. ओव्हन दिवसभर चालू असतो. घरात पाऊल टाकलं की तुझ्या वेळेसारखा वास येतो. इंद्रजीत परवा दारात थबकला आणि म्हणाला, "कोण आलंय?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच आहे. तो तसाच माडीवर गेला.

तुझा,
आबा


१९ मे

चि. सौ. तनुजा हिस, अनेक आशीर्वाद.

तू आलीस. अजून खरं वाटत नाही.

रात्री सासूबाईंनी चप्पल घातली. अंगठ्यात अंगठा बसेना, इतके पाय सुजले होते. तरी घरातल्या घरात चप्पल घालून फिरल्या. मी म्हटलं, फरशीवर तरी काढा. म्हणाल्या, "गप बसा. लेकीनं घातलीय माज्या पायात." तुला लेक म्हणाल्या. तू इथे असताना हे कधी म्हणाल्या नाहीत, हेही मला कळतं.

संस्कृती किती बोलकी झाली आहे! तुम्ही पाटावर असतानाच ती काट्यात बसली आणि पारडं जमिनीला टेकलं, वर येईना. आम्ही दुसऱ्या पारड्यात सगळे डबे रिते केले तरी येईना. माझा जीव अर्धा झाला. बावीस किलोला धरून भाजलं होतं, आणि मधल्या आठवड्यात पोर वाढली की काय? गुरव म्हणाला, "नाथाला मापात फशिवता येत न्हाई आबा. पन पोरीनं बूट काडलं तर नाथ काय म्हननार न्हाई." तिने बूट काढले, गळ्यातली पाण्याची बाटली काढली. तरी थोडं कमी. मग ती म्हणाली, "आबा, मी मघाशी डब्यातल्या दोन खाल्ल्या. त्या माझ्या पोटात आहेत. त्या तिकडच्या बाजूला धरायच्या ना?"

तू हसलीस. पुष्कळ दिवसांनी तुला हसताना पाहिलं. सासूबाईंनी मुठीत धरलेला प्रसादाचा नारळ हळूच नानकटाईच्या पारड्यात ठेवला आणि पोरीचं पारडं उठलं. गुरवाने दुसरीकडे पाहिलं.

नंतर जत्रेत आपण चौघं हिंडलो, तेवढा वेळ माझं लक्ष जत्रेत नव्हतं. गर्दीत हात सुटेल, तेल उडेल, पाळण्याचा नट ढिला असेल. तू म्हणालीस, "आबा, तुम्ही जरा जत्रा बघा ना." मी बघितली. जांभळा गॉगल लावून संस्कृती मौत का कुआँच्या पत्र्याला कान लावून उभी होती, तेवढं लक्षात आहे. तुझ्या हातात भेळेचा कागद होता. एखाद्या घरासारखं वाटलं.

इंद्रजीत कबूल केल्याप्रमाणे लांब राहिला. बर्फाचा गोळा पाठवला तो तू परत केलास, त्याने वाईट मानलं नाही.

एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर तुला वाटेल मी लपवलं. तुम्ही पाटावर होता तेव्हा इंद्रजीतचा मित्र भैरू खांबाशी मोबाइल धरून उभा होता. तो प्लॉटिंगच्या धंद्यात त्याच्याबरोबर असतो, तू ओळखतेस. मी हाताने नको नको केलं. तो म्हणाला, "आबा, घरी बायकूला नाथाचं दर्शन दावतोय." तेव्हा व्हिडिओ कॉल असणार. माझा शब्द मोडला असं मनात आणू नकोस.

नानकटाई गावभर वाटली. लोक म्हणाले, बेकरीची आहे का? मी म्हटलं, सुनेच्या ओव्हनची.

तुझा,
आबा


११ जून

चि. सौ. तनुजा हिस,

मागची दोन पत्रं तू घेतली नाहीस असं रुपाली म्हणाली. तुला कळलं असणार. तुझ्या वकिलाकडे कागद आले असतील.

मला परवा कळलं. कोर्टाच्या सुट्ट्या संपल्या, तसा इंद्रजीत म्हणाला, "आबा, चला, वकिलांना भेटायचंय." शिवाजीनगरला वकिलाचं ऑफिस आहे, थंड हवा सोडलेली होती. टेबलावर फोटो पसरले होते. तू डोक्यावर पदर घेतलेली. तुझ्या पदराची आणि इंद्रजीतच्या उपरण्याची गाठ अगदी मधोमध. तू हसते आहेस, आणि तो तुझ्याकडे बघतो आहे. संस्कृती बोलली, म्हणून तू हसलीस. पण फोटोत संस्कृती नाही, तिच्या बाजूचं कापलं आहे.

वकील म्हणाला, "आबासाहेब, शंभर साक्षीदारांनी जमलं नसतं ते या गाठीने केलं. बाई नांदतायत, देवाधर्माला जोडीनं बसतायत. मग घटस्फोट कशाचा आणि मुलगी वेगळी कशाला राहायची?" इंद्रजीत हसला. मला चहा दिला. मी प्यायलो. तो चहा मी का प्यायलो ते मला कळत नाही.

येताना गाडीत मी म्हटलं, "अरे, मी तिला शब्द दिला होता." तो म्हणाला, "तुम्ही दिला होता. मी नाही."

आणखी एक सांगायचं आहे. हे सांगितल्यावर तू माझं तोंड बघणार नाहीस.

गुरवाने जोडीनं म्हटलं ते खरं आहे. पण तो पुढेही बोलला होता. "सूनबाई येनार नसंल, तर इंद्रजीतनं कनवटीला सुपारी लावून बसावं. बायकोच्या जागी सुपारी चालती. शास्तर हाय." मी ते घरी येऊन सांगितलं. इंद्रजीत ताटावरून उठला. म्हणाला, "मी काय विधुर हाय का? ती असताना मी सुपारी लावून बसू? गाव हसंल." तरीही मी त्याला बसवू शकलो असतो की नाही, माहीत नाही. पण तुला मी सुपारीचं लिहिलं नाही. पत्र लिहिताना पेन तिथे थांबलं होतं, मग मी चप्पल आणि भेगांचं लिहिलं.

मला तुम्हाला एकदा जोडीने बसलेलं बघायचं होतं. एवढंच माझ्या मनात होतं. फोटोचं नव्हतं, हे तू मानशील की नाही तुझ्यावर आहे. तू मानावंस असा माझा आग्रह नाही.

आबा


१९ जून

चि. तनुजा हिस,

रुपालीला सांगितलं आहे, तू हे पत्र घेतलं नाहीस तर तिनेच फोडावं आणि तुला मोठ्याने वाचून दाखवावं. तू कान झाकलेस तरी वाचावं. म्हणून हे थोडक्यात लिहितो.

मला साक्षीदार केलं आहे. काल वकिलाने माझ्या नावाचा कागद वाचून दाखवला. त्यात आहे की सूनबाई आपल्या खुशीने आल्या, आपल्या खुशीने पाटावर बसल्या, नवराबायकोत आता काही वाद नाही, आणि नातीला आजोळापेक्षा आमच्या घराचा लळा आहे. मी चौथी शिकलेला माणूस, पण वाचलेलं मला कळतं. इंद्रजीत माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. मी नाही म्हणणार होतो. घरून निघतानाच ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "कुठे करू सही?"

रात्री सासूबाईंना सांगितलं. त्यांनी आधी दिवा मालवला. मग म्हणाल्या, "पोटचा हाय तो. आन तिनं आपलं ऐकलं, म्हनून आडाकली. आता तुमचं तुमी बगा." माझ्यावर सोपवून त्या भिंतीकडे वळल्या. आयुष्यभर सगळं त्यांनी ठरवलं, आणि हे मात्र माझ्यावर टाकलं.

मी स्वतःहून उभा राहून कोर्टात म्हणेन की हा कागद खोटा आहे, अशी आशा धरू नकोस. मी माझ्या मुलाला ओळखतो आणि स्वतःलाही ओळखतो. ते जमणार नाही. मी इथेच राहतो, त्याच्या घरात जेवतो. तो मला मारणार नाही, पण बोलणं सोडील आणि मग सासूबाईंशीही सोडील. या वयात आम्ही कुठे जाणार?

पण काल वकिलाने मला एक शिकवलं, ते त्याच्याच तोंडचं सांगतो. तो म्हणाला, "आबासाहेब, तिकडचा वकील तुम्हाला प्रश्न विचारेल. विचारेल तेवढंच बोलायचं. हो किंवा नाही. जास्त बोलाल तर गोंधळाल." मी म्हटलं, आणि विचारलं नाही तर? तो म्हणाला, "मग गप्प. गप्प बसणं तर तुम्हाला जमतंच."

हे ऐकल्यावर मला थोडं सुचलं. खोटं बोलायला मला धीर लागतो, आणि तो माझ्यात नाही. कोणी तोंडावर नेमकं विचारलं तर माझ्याकडून खरंच निघतं. तू आठ वर्षं घरात होतीस, तुला हे माहीत आहे. भाजी खारट झाली का असं तू विचारलंस की मी हो म्हणायचो आणि नंतर घाबरायचो.

म्हणून तुझ्या वकिलाला सांग, मला विचारा. तनुजाला कोणी बोलावलं? मी म्हणेन, मी. तिने आधी काय कळवलं होतं? फक्त मुलीला पाठवते असं. फोटो काढणार नाही असा शब्द दिला होता का? हो. सुपारी लावून भागलं असतं का? हो. ते तिला सांगितलं का? नाही. गाठ कोणी बांधली, ती किती वेळ होती, नंतर तनुजा कोणाच्या गाडीवरून कुठे गेली? रुपालीच्या स्कूटरवरून वाघोलीला, आपल्या घरी. हे सगळं विचारायला सांग. माझी पत्रं तुझ्याकडे आहेत, तीही दाखवा. अक्षर माझंच आहे का असं विचारलं तर मी नाही म्हणू शकणार नाही.

लांबवून विचारू नये. गोल गोल विचारलं तर मी गोंधळेन आणि जे शिकवलं आहे तेच म्हणेन. प्रश्न लहान असावेत. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तर उजव्या बाजूने आणि मोठ्याने विचारावं. पाणी मागितलं तर देऊ नये, त्या निमित्ताने मी वेळ काढीन.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. इंद्रजीत समोरच्या बाकावर बसणार. विचारताना तुझ्या वकिलाला माझ्या आणि त्याच्या मधे उभं राहायला सांग. अंगाने भरलेला माणूस असेल तर बरं. मला त्याचा चेहरा दिसता कामा नये.

आबा